सेकंड हॅण्ड कॅमेरा घेताय? शटर काउंटच्या पुढचंही बघा

‘होम यूज, मख्खन कंडिशन, शटर काउंट फक्त १२ हजार, बिल-बॉक्स नाही, अर्जंट विकणे आहे.’ जुन्या वस्तूंच्या कुठल्याही ॲपवर छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड टाकलं, की अशा जाहिरातींची रांग लागते. एवढे कॅमेरे एकदम बाजारात आले कुठून? २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपापली नवी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची, मालिका काढली. लग्नाच्या ऑर्डरी घेणारे फोटोग्राफर हळूहळू तिकडे वळले आणि त्यांचे जुने डीएसएलआर, म्हणजे आरशाचे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे, विक्रीला लागले. दुसरीकडे कॉलेजच्या पोरांमध्ये २०१० च्या आसपासच्या छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यांची हवा झाली. त्यामुळे ज्याच्या कपाटात जुना कॅमेरा पडून होता, तोही विकायला निघाला.

नवशिक्यासाठी ही संधी चांगली आहे. अडचण एवढीच की जाहिरातीत जे ठळक लिहिलेलं असतं, त्यातलं फारसं कामाचं नसतं. २० ते २५ हजारांची मर्यादा धरून पुढचं सगळं लिहितोय. त्याहून कमी पैसे असतील तरी तपासायची पद्धत तीच.

आधी सांगा, मोबाइल कुठे कमी पडतोय?

दिवसाउजेडी घरच्यांचे फोटो, शेतातला व्हिडिओ, दुकानाची रील एवढंच करायचं असेल तर कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. आजचा मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो, सावली उजळतो, आकाश सांभाळतो. जुना डीएसएलआर यातलं काहीच आपणहून करत नाही. पहिल्या दिवशी त्याचे फोटो मोबाइलपेक्षा फिके वाटले तर नवल नाही.

कॅमेरा लागतो तो तीन ठिकाणी. जायकवाडीच्या नाथसागरावर रोहित पक्षी उतरलेत आणि तुम्ही काठावर उभे आहात. इथे मोबाइलचा झूम नुसता चिखल करतो. शाळेचं गॅदरिंग किंवा रात्रीची कबड्डी, म्हणजे उजेड कमी आणि माणसं पळतायत. आणि तिसरं, जिथे फोटोवर तुमचा ताबा हवा: किती धूसर, किती उजळ, फ्लॅश कुठून मारायचा, हे सगळं तुम्हीच ठरवणार. यातलं एकही तुमच्या कामाचं नसेल तर पैसे वाचले म्हणायचे.

मेगापिक्सेल सोडा, सेन्सर विचारा

सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागे बसलेली, उजेड टिपणारी चिप. फोटो तिच्यावर तयार होतो. मेगापिक्सेल म्हणजे त्या चिपवर किती लाख ठिपके आहेत त्याचा हिशोब. १० लाख ठिपके म्हणजे १ मेगापिक्सेल.

ए-फोर आकाराची छान छपाई करायला साधारण ९ मेगापिक्सेल लागतात. फोरके टीव्हीच्या पडद्यावर मुळात ८ मेगापिक्सेलच्या थोडे वर ठिपके असतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरासुद्धा घरगुती कामाला पुरून उरतो. ‘२४ मेगापिक्सेल आहे म्हणून ५ हजार जास्त’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

फरक पडतो तो चिपच्या आकाराने. खिशातल्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर असतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. नवशिक्यांच्या डीएसएलआरमधला सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर निकॉनचा हा सेन्सर त्या छोट्या चिपच्या जवळजवळ १३ पट भरतो. संध्याकाळच्या उजेडात फोटो दाणेदार, खरखरीत येतो की स्वच्छ, हे बरंचसं इथे ठरतं. दहा वर्षांपूर्वीचा एपीएस-सी आजही त्या छोट्या चिपला मागे टाकतो, म्हणून मॉडेलच्या वयाची फार धास्ती घेऊ नका.

शटर काउंट: बैलाचे दात

डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे दोन बारीक पडदे असतात. बटण दाबलं की एक सरकून उजेड आत सोडतो, दुसरा येऊन बंद करतो. हे झालं शटर. आजवर ते किती वेळा उघडझाप झालं, तो आकडा म्हणजे शटर काउंट. निकॉन डी५३०० सारख्या सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडीचं, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचं, शटर कंपनीने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, वरच्या वर्गात हा आकडा दीड लाख किंवा त्याहून अधिक.

उदगीर तालुक्यातल्या हाळीच्या बैलबाजारात गेलात तर गिऱ्हाईक आधी जबडा उघडून बघतो. आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळलेला, यावरून वय कळतं. पण दात बघून कोणी बैल दावणीला आणत नाही. तो चालवून बघतात, खुरं बघतात, खांदा सुजलाय का बघतात. शटर काउंटचं तसंच आहे. त्यावरून वय कळतं, अंगातला जोर कळत नाही.

त्यातही एक मेख आहे. व्हिडिओ काढताना शटर एकदा उघडतं आणि उघडंच राहतं. दोन तासांचं शूटिंग केलं तरी काउंट जेमतेम वाढतो. सेन्सर मात्र तेवढा वेळ तापत राहतो. त्यामुळे ‘फक्त १२ हजार’वाला कॅमेरा चार हंगाम स्टँडवर उभा राहून नुसते व्हिडिओच काढत असेल, तर तो आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा: यावर व्हिडिओ किती केलाय?

उलट ८० हजार काउंट ऐकून पळूही नका. १ लाख ही एक्स्पायरी डेट नव्हे. कितीतरी शटरं त्यापुढेही चालतात, काही आधीच जातात. आकडा मोठा असेल तर भाव पाडायला तो चांगला मुद्दा आहे, एवढंच धरा. शटर गेलंच तर बदलता येतं, पण या किमतीच्या बॉडीवर तो खर्च सहसा परवडत नाही.

आकडा खरा की खोटा हे कसं कळणार? निकॉनचं सोपं आहे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लपलेल्या माहितीत तो लिहिलेला असतो, इंटरनेटवर फाइल टाकून वाचता येतो. फक्त व्हॉट्सॲपवर साधा फोटो मागवू नका, पाठवताना ती माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एडिट न केलेला, आजचा’ असं सांगा. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये हा आकडा फोटोत नसतो. केबल जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो, काहींत तसाही निघत नाही. फाइलच्या नावातला नंबर दाखवून कोणी ‘बघा, ३ हजारच झालेत’ म्हणालं तर हसून सोडा. तो नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा १ वर येतो.

मग लग्नात फिरलेला कॅमेरा घ्यायचाच नाही का?

घ्यायला हरकत नाही, पण हिशोब करून. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरले तर ४० लग्नांत १ लाख होतात. आपल्याकडे ४० लग्नं म्हणजे चालत्या स्टुडिओचा एखादा हंगाम. दुसऱ्या बाजूने बघा, तर धंद्यावाल्याचा कॅमेरा रोज पुसला जातो, बॅटरी वेळेवर चार्ज होते, बिघडला तर त्याच आठवड्यात दुरुस्त होतो. पाच वर्षं बॅगेत बंद राहिलेल्या ‘होम यूज’ कॅमेऱ्यापेक्षा तो बरा असू शकतो.

अशा कॅमेऱ्याची खूण लेन्सवर सापडते. झूमच्या रिंगचं रबर नखाने हलकेच उचलून बघा. खाचांमध्ये पिवळी पूड दिसली तर तो हळदीत पुढे उभा राहिलेला आहे. बाहेरच्या पिवळेपणाने काही बिघडत नाही; पण हळद आणि आपल्याकडची मातीची बारीक धूळ एकदा रिंगच्या आत गेली की झूम फिरवताना करकर लागते. रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, डोळे मिटून. बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही.

आषाढ लागला की मुहूर्त संपतात, ऑर्डरी थांबतात आणि नवं सामान घ्यायचं तर जुनं काढावंच लागतं. घासाघीस करायची तर माझ्या मते तेच दिवस बरे. ऐन तुळशीच्या लग्नानंतर विचारायला गेलात तर भाव ताठच मिळणार.

बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त

मला विचाराल तर सगळ्यात मोठी गफलत इथे होते. २५ हजारांतले २४ बॉडीवर जातात आणि सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ येतं) किट लेन्स आयुष्यभर लागून राहते. बॉडी जुनी होते, तिची किंमत उतरत जाते. चांगली लेन्स मात्र पुढच्या दोन बॉडींवर चालते.

लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा तिचं तोंड किती मोठं उघडतं ते सांगतो. आकडा लहान तितकं तोंड मोठं. किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे साडेनऊ पटीहून अधिक उजेड आत घेते. जिथे किट लेन्सला सेकंदाचा विसावा भाग लागतो आणि हात हलून फोटो फाटतो, तिथे हिला दोनशेव्वा भाग पुरतो. अजिंठ्याला पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर फ्लॅश मारायला बंदी आहे. तिथे मेगापिक्सेल नाही, हा एफचा आकडा कामाला येतो.

५० मिलिमीटरची एक गोची आहे. एपीएस-सी सेन्सरवर ती मोठ्या सेन्सरवरच्या ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्ससारखी दिसते, म्हणजे सगळं जास्तच जवळ येतं. माणसाच्या चेहऱ्याला झकास, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. घरात आणि लेण्यांत फिरायचं असेल तर निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ किंवा कॅननची २४ मिलिमीटर एफ २.८ बघा. पक्ष्यांसाठी ५५-२५० किंवा ७०-३०० हवी, त्याहून कमीत नाथसागरावर नुसते ठिपके येतात.

आता लेन्स जुळण्याचा प्रश्न, यात पैसे बुडतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये, म्हणजे डी३४००, डी५३००, डी५६०० वगैरे, फोकसची मोटर नसते. तिथे मोटर लेन्समध्येच हवी. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर ती आहे. नुसतं एएफ किंवा ‘१.८ डी’ असेल तर फोकस हातानेच करावा लागेल. डी९० किंवा डी७००० मध्ये मोटर बॉडीतच आहे, पण एएफ-पी लेन्स काही जुन्या बॉडींवर चालत नाहीत. कॅननमध्ये हा घोळ कमी: १९८७ पासूनची कुठलीही ईएफ लेन्स आज मिळणाऱ्या जुन्या डीएसएलआरवर बसते आणि फोकसही करते.

कॅननची दुसरी खोड मात्र माहीत असू द्या. १५००डी आणि २००डी मार्क टू या मॉडेलांत वर फ्लॅश लावायच्या जागी मधली पिन दिलेलीच नाही. त्यामुळे बाजारातले बरेचसे स्वस्त फ्लॅश आणि दूरचा फ्लॅश पेटवणारे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. पुढे लाइट लावून काम करायचं असेल तर आधीची २००डी किंवा १३००डी बघा.

हातात आल्यावर काय काय करायचं

स्वतःचं मेमरी कार्ड आणि टॉर्चवाला मोबाइल घेऊन जा. भेट दिवसा ठरवा.

लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे किंवा धुकट डाग दिसले तर ती बुरशी. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती कमी होते, पण मुंबई-कोकणातून आलेल्या किंवा पावसाळाभर कातडी बॅगेत कोंडलेल्या लेन्समध्ये सापडते. बुरशीवाली लेन्स फुकट मिळाली तरी इतर लेन्सच्या शेजारी ठेवू नका.

मग लेन्स लावा, एफचा आकडा १६ करा, फोकस हाताने बिघडवा आणि निरभ्र आकाशाचा फोटो काढा. पडद्यावर मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्याने बघा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ही साफ होते, भाव कमी करायला उपयोगी पडते. ओरखड्यासारखी रेघ दिसली आणि दुसऱ्या लेन्सनेही ती तिथेच राहिली, तर कॅमेरा परत द्या.

लेन्सला झाकण लावून एक सेकंदाचा फोटो काढा. काळ्या फोटोत लाल-निळे चकाकणारे दोन-चार ठिपके चालतात, चांदणं पसरलेलं दिसलं तर नाही.

फोकससाठी वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर फोकस करा आणि तीच ओळ स्पष्ट येते का बघा. दरवेळी पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट येत असेल तर गडबड आहे. मग सलग तीस-चाळीस क्लिक मारा. मध्येच ‘एरर’ आला आणि बॅटरी काढून घातल्यावर गेला, तर विकणारा म्हणेल ‘कधीतरी होतं’. ते कधीतरी तुमच्या बहिणीच्या लग्नात होईल.

बाकी सगळी बटणं, चाकं, आतला फ्लॅश, कार्डाचं झाकण, चार्जर. पकडीचं रबर फुगून सुटलेलं असेल तर चिकटवता येतं, त्यावरून कॅमेरा नाकारू नका.

मिररलेस किंवा फुल फ्रेमच का घेऊ नये?

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, मिररलेसमध्ये तो नसतो. त्यामुळे बॉडी हलकी, आणि फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. पैसे असतील तर जरूर घ्या. या बजेटमध्ये मात्र २०१४ ची सोनी ए६००० किंवा कॅननची एम मालिका हाती लागते. सोनीच्या लेन्स डीएसएलआरच्या मानाने महाग पडतात, आणि कॅननने एम मालिका बंद केली आहे; तिच्यावर कॅननच्या नव्या मिररलेसच्या आरएफ लेन्स बसतच नाहीत.

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा मोठा सेन्सर. २००८ ची कॅनन ५डी मार्क टू आता स्वस्तात दिसते आणि मोह होतो. पण तिच्यावर ईएफ-एस प्रकारच्या, म्हणजे एपीएस-सीसाठी बनवलेल्या, स्वस्त लेन्स बसत नाहीत. दुसरा कॅमेरा म्हणून ठीक, पहिला म्हणून नको.

आणि ते छोटे डिजिकॅम?

हौस म्हणून घ्या, भाव मात्र हौसेचा देऊ नका. घेण्याआधी कार्ड बघा. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीत एक्सडी कार्ड लागायचं, सोनीत मेमरी स्टिक. ही कार्डं आता शोधून काढावी लागतात. फार जुन्या कॅमेऱ्यात एसडी कार्ड असलं तरी २ जीबीच्या वरचं तो ओळखत नाही. चार्जर नसेल तर कॅमेरा चालू करून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका, आणि बाहेर आलेली लेन्स पाच-सहा वेळा आत-बाहेर करून बघा. याच जागी हे कॅमेरे मरतात.

चोरीचा निघाला तर?

बिल नसणं हा गुन्हा नाही, दहा वर्षांपूर्वीचं बिल कोण जपतं? पण विकणाऱ्याला मेनूतली साधी गोष्ट माहीत नसेल, चार्जर नसेल आणि भाव संशय यावा इतका कमी असेल, तर उठा. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही माल घेणं हा गुन्हा आहे. बॉडीखालचा सीरियल नंबर खरवडलेला असला तर प्रश्नच मिटला. सगळं ठीक वाटलं तर साध्या कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या घ्या. ओळखीच्या माणसाकडूनही घ्या, त्याला राग येत नाही.

‘मी लष्करात आहे, बदली झालीय, कॅमेरा कुरिअरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका’ हा जुना डाव अजून चालतो. वस्तू हातात आल्याशिवाय एक रुपयाही नाही. तुम्ही स्वतः विकत असाल तर एवढं ध्यानात असू द्या की पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. कोणी क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणालं तर ते तुमच्याच खात्यातून जाणार. फसलात तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी.

घरी आणल्यावर

हजार-दीड हजार रुपये बाजूला काढून ठेवलेले असू द्या. नवं कार्ड, रबरी फुग्याचा ब्लोअर आणि झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा एवढं लागतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात त्या बदला. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत बॅटरी आणि लेन्समधलं तेल दोन्ही खराब होतात. आणि सेन्सरवर धूळ दिसली तर तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचा एक थेंब बसला की ब्लोअरने निघत नाही, मग ओल्या स्वॅबने सफाई करून घ्यायला दुकान गाठावं लागतं.